बाबा सुरतला नाहीत

प्रिय दादा,

जयभीम.

ज्यांच्या घरचं माणूस तुरुंगात आहे, अशा लोकांसमोर मी परवा नाशिकरोडला बोलले. हॉल भरला होता. तू नव्हतास, म्हणून तुला वेगळं लिहिते आहे. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे : शिक्षा एकाला होते आणि संशय साऱ्या घरावर घेतला जातो. भेटीला आलेल्या म्हातारीची पिशवी उलटी करून झटकतात, पोरीला विचारतात की हल्ली कोणाशी बोलतेस. असं वर्षानुवर्षं झालं की आपणही एकमेकांकडे त्याच नजरेने पाहायला लागतो. मीही पाहते. राग आला तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

बाबांची फर्लो पुन्हा नाकारली. तू या गोष्टींपासून लांब राहिलास, म्हणून सांगते. पॅरोलला कारण लागतं. आजारपण, लग्न, मयत. फर्लोला लागत नाही. ती चांगलं वागून मिळवलेली रजा आहे, सरकारी भाषेत संचित रजा. कैदी अर्ज करतो. तो अर्ज, कैदी ज्या पत्त्यावर राहणार, तिथल्या पोलिसांकडे जातो. हवालदार येऊन बघतो की घरचे याला ठेवून घ्यायला तयार आहेत का, शेजारपाजार काय म्हणतो, आणि अहवाल पाठवतो. रजा मिळाली तर ठाण्यात हजेरी द्यायची आणि ठरल्या दिवशी आपल्या पायांनी तुरुंगात परत जायचं. यात कुणाचे उपकार नाहीत. माणसावर विश्वास ठेवून बघण्याची ती रीत आहे. बाबांच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार आता होणार आहे. तिथे पहिला प्रश्न असतो, हा बाहेर गेला होता तेव्हा वेळेवर परतला का? आपले बाबा एकदाही बाहेर गेलेले नाहीत. या वेळीही आले नाहीत, तर त्यांच्या बाजूने बोलायला काहीच उरणार नाही.

आधी नाकारली तेव्हा कारण होतं, हे आले तर गावातली शांतता बिघडेल. या वेळचं कारण बाबांनीच मला भेटीत सांगितलं. घरचे लोक संबंध ठेवायला तयार नाहीत. काचेपलीकडून फोन कानाला लावून त्यांनी विचारलं, ‘चैताली, तुम्ही नको म्हणालात का गं?’ आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पेटले. कोणीतरी मुद्दाम केलं, एवढंच डोक्यात होतं. पहिला संशय लंकाबाईंवर, अमोलच्या आईवर. मी थेट पिंपळगावला गेले. अमोल गेला त्या कोल्ड स्टोरेजच्या मागे त्या अजून राहतात. बाबांनी त्या भांडणात पहार उचलली नसती तर त्यांचा मुलगा आज चाळिशीचा असता, हे मला दारात उभं राहिल्यावर आठवलं. त्यांनी मला आत बोलावलं नाही. म्हणाल्या, ‘मला कोनी इचारलंच नाय. इचारलं असतं तर नगंच म्हनले असते, तुझ्या तोंडावर म्हनले असते. पन चोरून कशाला म्हनू? मला लय भ्या वाटतं का तुझ्या बापाचं?’ मी खाली मान घालून परत आले. त्या खोटं बोलत नव्हत्या.

मग संशय पोलिसांवर. चौकीत जाऊन मी हवालदाराला कायद्याची कलमं ऐकवली, घटनेतले अधिकार ऐकवले, आवाज नेहमीसारखा चढलाच. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, ‘मॅडम, भाषण झालं का? तुमच्याच आईने सांगितलं मला. शेजारच्या बाईनेही तेच सांगितलं. मी काय मनाने लिहितो का?’ मला वाटलं, बनाव आहे. आई असं कसं सांगेल?

आईने सांगितलं होतं, दादा. तिचा चेहरा बघून मला कळलं. त्या दिवशी हवालदार वर्दीऐवजी चौकड्यांचा शर्ट घालून मोटारसायकलवर आला होता. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्याने शेजारच्या चिमणाबाईला विचारलं, निवृत्तीभाऊंचं घर कोणतं, माणसं कशी आहेत, भाऊ आले तर राहतात कुठे? आपल्याकडे असं कोण विचारतं, तुला माहीत आहे. मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडचे एखादा अनोळखी माणूस पाठवून गल्लीत चौकशी करतात. आपल्या धाकट्या सृष्टीसाठी सटाण्याचं स्थळ तेव्हा चाललं होतं. चिमणाबाई धावत पुढे आली, आईच्या कानात म्हणाली, ‘सुमनबाई, पाव्हण्यांचा मानूस आलाय गं, नीट बोल.’ आणि आई नीट बोलली. ते सुरतला असतात, मिलमध्ये. इकडे येत नाहीत. आमचा त्यांचा संबंध राहिला नाही. चिमणाबाईनेही मान डोलावली, ‘कधी दिसलेच नाहीत बाई.’ आईने त्याला पोहेसुद्धा खायला घातले. तो पोहे खाऊन गेला आणि जे ऐकलं ते लिहून मोकळा झाला.

साऱ्या गल्लीने मिळून एका पोरीचं लग्न सांभाळलं आणि तिच्या बापाला आत ठेवलं. मी आईशी फार वाईट भांडले. त्यानंतरच ती मनमाडला तुझ्याकडे आली. तुला तिने गुडघ्यांचं कारण सांगितलं असेल. सृष्टीने मात्र त्या स्थळाला स्वतः फोन करून खरं सांगितलं. त्यांनी नकार दिला. ती म्हणाली, ‘ताई, आता निदान शांत झोप लागते.’

पण सुरत कुठून आली? आईने आयुष्यात सुरत पाहिलेली नाही. हे गाव तिच्या तोंडी तू घातलंस, तुझ्या लग्नाच्या वेळी. तुझे सासरे आजही त्यावर विश्वास ठेवतात. मागच्या वर्षी ते मला म्हणाले, तुझे वडील एकदा तरी यायला हवे होते नातवाला बघायला. तू पटकन विषय बदललास. म्हणून स्पष्ट लिहिते. आईची चूक भोळेपणाची होती. तुझ्याकडून तीच गोष्ट झाली तर तिला मी भोळेपणा म्हणणार नाही. मला तुझ्यावर संशय आहे, दादा. तुझ्या मायेवर नाही, तुझ्या भीतीवर.

आता या पत्राचं कारण सांगते. बाबांनी पुन्हा अर्ज केला आहे. ते वेळेवर परततील याची हमी घरच्या कोणीतरी द्यावी लागते आणि माझी हमी उपयोगाची नाही. आंदोलनांच्या केसेस माझ्यावर आहेत, हवालदाराने हसतच सांगितलं, मॅडम, तुमची हमी कोण घेणार? बाबा तुझ्यासाठी म्हणत होते, सुयशला त्रास नको. मी त्यांचं ऐकलं नाही. आई जिथे आहे, तिथलाच पत्ता घालायला लावला. तुला विचारलं नाही, कारण तू विचार करायला वेळ मागितला असतास आणि त्या वेळात अर्ज करायचा राहून गेला असता. या आठवड्यात किंवा पुढच्या, रेल्वे कॉलनीत तुझ्या दारात एक माणूस येईल. वर्दीत असेल किंवा नसेल. तुझे सासरे कोचावर बसलेले असतील, बायको आतून विचारेल कोण आहे म्हणून. आईला पुढे करू नकोस. तू ऊठ, दारात जा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला सांग : निवृत्ती माझे वडील आहेत, ते तुरुंगात आहेत, रजेवर ते माझ्या घरी राहतील आणि त्यांना परत नेऊन सोडायला मी स्वतः जाईन.

तुझीच,
चैताली