बुडबुडे मुद्दामच घातले होते

देवळाली प्रवरा,
रविवार

आदरणीय भिमाजीदादांस,

धाकटी बहीण सत्यशीला हिचा सविनय जयभीम. तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि बोधेगावचं हवामान तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. फोन करून विचारलं असतं, पण गुरुवारपासून तुम्ही तो उचलत नाही आणि उचललात तरी मला बोलू देणार नाही. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं. येत्या गुरुवारी मी पुन्हा पुण्याच्या त्या हॉस्पिटलात जाणार आणि शिरेत बुडबुडे घालून घेणार. माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे, तुमच्या नाही. तेव्हा निर्णयही माझाच. गाडी काढायची नाही असं तुम्ही रविराजला बजावलंत ते कळलं. (मुलगा माझा, पण ऐकतो मामाचं.) त्याने नाही काढली तर एसटी आहे, आणि बाईमाणसाला तिकीट अर्धं आहे.

गेल्या गुरुवारी काय घडलं ते वहिनींना तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगितलं असेल. आता माझ्या पद्धतीने ऐका. डॉक्टर राजनंदिनीने (पोर मी शाळेत शिकवलेल्या शेवटच्या बॅचमधल्या मुलींएवढी असेल, पण समजावते झकास) तुमच्यासमोर सगळं सांगितलं होतं. फुगे इतके बारीक की रक्तातल्या तांबड्या पेशीहून लहान. वर चरबीची पातळ साल, आत वायू. ते शिरेतून सोडायचे, औषधही शिरेतूनच द्यायचं आणि सोनोग्राफीसारख्या यंत्राने बरोबर गाठीवर नेम धरायचा. तिथे पोचलेले फुगे त्या लहरींनी थरथरतात, फुटतात, नसांच्या भिंती तेवढ्यापुरत्या सैल होतात आणि औषध गाठीत शिरतं. नुसती केमो म्हणजे पाटपाणी, उसालाही आणि बांधावरच्या गवतालाही. हे म्हणजे ठिबक. पाटपाण्याने माझे केस गेले, जिभेची चव गेली, गाठ मात्र बसली आहे घट्ट. तुम्ही माना डोलवत होतात. मला वाटलं, समजलं. आता कळतंय की तुम्हाला डुलकी लागली होती.

मग टेबलावर मी आडवी, पोटावर गार जेल, नर्स दिवा मंद करायला वळली, आणि ट्रेमध्ये ती दुधासारखी पांढरी सिरिंज तुम्हाला दिसली. सरकारी दवाखान्यात जन्मभर कंपाउंडरकी केलेला माणूस! सुई दिसली की उभी धरायची, नखाने टिचक्या मारायच्या, हवा वर आणायची आणि दट्ट्या दाबून बाहेर काढायची, हे तुमच्या बोटांना डोक्याला न विचारता येतं. तुम्ही टिचक्या मारत राहिलात, दाबत राहिलात, बुडबुडे काही संपेनात (कसे संपतील, सगळं बुडबुड्यांचंच होतं), आणि शेवटी अख्खा डोस बेसिनमध्ये सोडून रिकामी सिरिंज नर्सच्या हातात देत म्हणालात, "घ्या बाई, आता द्या. एक बी बुडबुडा ठिवला न्हाई!"

नर्सने आणि डॉक्टरने तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर तुम्ही उलट त्यांनाच सुनावलंत, "शिरेत हवा गेली तर मानूस जाग्यावर जातं, शिकल्या कुटं तुमी?" आणि मला जेलसकट तिथे सोडून, माझ्या डब्याची पिशवी घेऊन थेट एसटी स्टँड गाठलात. शिरेत हवेचा गोळा गेला तर माणूस दगावतो, हे खरं आहे. पण हे गोळे नव्हेत, दादा. तुम्ही ज्यांच्याशी उभा जन्म भांडलात ते बुडबुडे वेगळे आणि हे वेगळे.

इकडे गावातही सुख नाही. रविराजने मला सोनोग्राफीला नेलेलं शेजारच्या लंकाबाईने पाहिलं. बाहेर ती पाटी असतेच, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या ज्योतीला बाजूला घेऊन विचारलं, "सासूबाईंचं काय गं, या वयात?" सूनबाई हसून हसून ओट्याला टेकली. मी मात्र लंकाबाईला निरोप धाडला, की बारशाला नक्की या.

डॉक्टरांनी गॅरंटी दिलेली नाही. ही अजून चाचणी आहे, लागू पडेल किंवा नाही पडणार. चालेल मला. गप्प पडून गाठीची मर्जी सांभाळण्यापेक्षा तिच्यावर नेम धरलेला बरा. तुम्ही रागवा, आदळआपट करा, बोधेगावात बसून राहा. तुमच्यावाचून माझं काही अडत नाही.

आपली,
सत्यशीला

ता. क. डबा ज्योतीच्या माहेरचा आहे, तेवढा परत पाठवा.

ता. क. दुसरा. डॉक्टर राजनंदिनी म्हणाली, सोबत एक माणूस चालेल, ते मामाही चालतील, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले हवेत. सुई डाव्या हाताला देतात. माझा उजवा हात मोकळाच असतो.

ता. क. शेवटचा. तू निघून गेल्यावर मी त्या टेबलावर रडले. नर्सला सांगितलं, जेल फार गार आहे. मला भीती वाटते रे दादा. गुरुवारी ये, आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून बस.