कोनाड्यातल्या उंटावर हल्ला

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन महिना होत आला. पत्रबित्र लिहायचं मनात नव्हतं. पण काल आईने फोनवर जे सांगितलं, ते ऐकून तुमच्याशी भांडल्याशिवाय राहवेना.

तुम्ही आणि आई धुळ्याला, मी जळगावला, बुद्धिबळाचा पट दोन्ही घरी मांडलेला. जेवणं झाली की फोनवर एकेक चाल. याही डावात तुम्ही राजा कोपऱ्याकडे नेलात आणि त्याच्यापुढचं एक प्यादं सरकवून त्या खाचेत उंट बसवलात. तुमचा लाडका 'कोनाड्यातला उंट'! केवढा तोरा त्याचा!

मी मुद्दाम माझा राजा दुसऱ्या टोकाला नेला. राजे दोन टोकांना असले की बचाव करत बसायचं नाही, पळत सुटायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?

मग मी सुटलेच! कडेचं प्यादं रेटलं, मारामारीत ते देऊन हत्तीला वाट मोकळी केली. वजिराच्या जोरावर माझा उंट तुमच्या उंटाला भिडवला आणि कोनाडा रिकामा केला. तुम्हीही माझ्या राजावर प्यादी धाडलीत, पण एकेक घर! देशी डावात वाढलेला माणूस. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, हे ऐन घाईत विसरायचात. किती चिडवलं मी तुम्हाला!

त्यानंतर तुम्ही चाल सांगायला दिवस लावू लागलात. "हरायला भिता का आबा?" मी विचारलं.

"हारानं काय भ्याव, माय? पन मंग जळगावले येनं पडी ना!"

आपला रिवाजच तो. हरेल त्याने एसटी धरायची आणि जिंकणाऱ्याच्या घरी भरीत खायला जायचं. मी खो-खो हसले. वांगी भाजायच्या तयारीत होते हो मी!

आणि काल आई म्हणते, "त्या दवाखानामाईनच चाल सांगेत. माले म्हनेत, पोरले सांगू नको, तिना डाव मोडी जाई."

दवाखान्यात पडून चाली सांगायच्या आणि मला कळू द्यायचं नाही! डाव मोडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं, आबा? आजवर हरले तेव्हा दर वेळी तुमच्या दारात आले. या खेपेला जिंकत होते, म्हणून घरी बसून तुमचीच वाट पाहत राहिले. उंटाला उंट भिडवण्याऐवजी एखादी वेंधळी चाल सुचली असती, तर हरून आले असते, तुमच्या उशाशी बसले असते. फार वाईट वाटतं हो.

तुम्हाला येणं होत नव्हतं, तर 'तू ये' एवढं म्हणायला काय झालं होतं?

आई पटावरची धूळ पुसते, सोंगट्या जिथल्या तिथे ठेवते. तिला खेळ येत नाही. म्हणजे तिच्याकडे यायला मला हरावं लागणार नाही. दर शनिवारी येईन, आबा, हा शब्द देते. आणि मधल्या वारी ती फोनवर 'बठ्ठं बरं शे', सगळं ठीक आहे, असं म्हणाली, तर तीही तुमच्यासारखं काही लपवतेय असं समजून त्याच दिवशी निघेन.

तुमची लेक,
शोभा