दारातली जागा

हॉलिस्टर, मिशिगन
८ नोव्हेंबर १९८८

चि. लोरना हिला आईचे आशीर्वाद.

वि. वि. पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही, आणि तुझ्या बाबांनी उचलला की तू ठेवून देतेस. माझे कान लढाईच्या वर्षांत पत्रा दाबायच्या खात्यात गेले. तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद. शाळा मी केंटकीत सहावीला सोडली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

इथे थंडी पडली. शेजारच्या बर्निसने गुडघा बदलून घेतला आणि आता पूर्वीपेक्षा जास्त लंगडते. माझी तब्येत तशीच, वाईट आणि टिकाऊ. तुझ्या बाबांचं मात्र बरं नाही. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, पण पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसतात. दुपारी दारातल्या सेंटिनेल गाडीत जाऊन बसतात, एंजिन चालू, रेडिओ चालू, आणि जात कुठे नाहीत. बर्निस म्हणते की व्हर्जिल सिग्नल हिरवा व्हायची वाट बघतोय असं वाटतं. मी कॉफी नेऊन देते. काच खाली करून घेतात आणि परत वर करतात. आभार मानायची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हतीच.

तू म्हणशील, त्या गाडीचं नाव कशाला काढलंस. काढते, कारण या घरात टॉलिव्हर कंपनी आणि तिच्या गाड्या सोडून दुसरं काही घडलेलंच नाही. त्यांचा काका सदतिसच्या संपात कारखान्यात आत बसून राहिला आणि बायकांनी खिडकीतून उकडलेले बटाटे आत फेकले, ती गोष्ट तू हजारदा ऐकलीस. आमची पहिली काळी टॉलिव्हर आठवते? शुक्रवारी पाळी सुटली की तशीच केंटकीच्या रस्त्याला लागायची, रविवारी रात्री परत. तिच्याच मागच्या सीटवर, सिनसिनाटीच्या पुलाच्या अलीकडे, तू जन्मलीस. बाबांनी गाडी थांबवली नाही, कारण थांबवली तर परत चालू होईल याचा भरवसा नव्हता. बाळ आणि गाडी दोन्ही पोचलं. त्यानंतर महिनाभर कारखान्यात हा माणूस तुझ्यापेक्षा गाडीचंच कौतुक सांगत होता.

थँक्सगिव्हिंगला ये. टर्की एवढी मोठी आणलीय की आम्हा दोघांना ईस्टरपर्यंत पुरेल. म्हातारा तोंडाने बोलावणार नाही, म्हणून मी बोलावते.

लोभ ठेव. राग सोडवत नसेल तर तोही घेऊन ये, घरात जागा आहे.

तुझी आई,
ओर्ला


नॉक्सव्हिल
१५ नोव्हेंबर

ती. आईस लोरनाचा सा. न.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. बर्निसला म्हणावं गुडघ्याला शेक दे.

मी येणार नाही. तू गोष्टी सांगून मला हसवशील आणि मी हो म्हणेन असं तुला वाटलं असेल. हसले मी, पुलाच्या गोष्टीला. मग उठून भांडी घासली आणि रडले.

आई, ती गाडी दारात उभी आहे. एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन घेतल्या होत्या बाबांनी कामगारांच्या सवलतीत, एक स्वतःला आणि एक कोडीला, शाळा संपवल्याबद्दल. कोडीची भंगारात गेली. बाजूने ट्रकचा धक्का बसला, दार उघडलं आणि माझा मुलगा रस्त्यावर फेकला गेला. एकोणीस वर्षांचा होता. दार उघडलं नसतं तर नुसता हात मोडला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि दफन करून घरी आलो, लोक हातात हॅमच्या बशा घेऊन उभे होते, तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले की मी बसवलेलं दार उघडत नसतं, पोराने वेग सांभाळायला हवा होता.

पोलिसांनी सांगितलं होतं की त्याचा वेग ठीक होता. बाबांनी पोलिसांचं ऐकलं नाही. कंपनी म्हणाली दार ठीक होतं, तिचं ऐकलं.

मागच्या नाताळात मी तरी आलेच होते ना? माझी जपानी गाडी बघून सपाता घालून बाहेर आले आणि म्हणाले की ही इथे नाही, रस्त्यावर लाव. नऊ तास चालवून आले होते मी. सकाळी नगरपालिकेच्या बर्फ ढकलणाऱ्या गाडीने तिला छपरापर्यंत गाडून टाकलं होतं आणि मी एकटी उकरत होते.

मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं आहे. कोडीची चूक नव्हती. एवढंच. ते म्हणतील त्या दिवशी मी येईन.

तुझ्यावर माझा राग नाही. लोभ तुझ्याकडे आहे, तो तिथेच असू दे.

तुझी,
लोरना


हॉलिस्टर
४ डिसेंबर

चि. लोरनास आईचे आशीर्वाद.

वि. वि. टर्की अजून चालू आहे. आता सूप.

मुद्द्याचं लिहिते. मंगळवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, टॉलिव्हर कंपनी सेंटिनेल गाड्या परत बोलावतेय. दाराचा आतला खटका बाजूच्या धक्क्याने सुटतो म्हणे. मला आवाज ऐकू येत नाही, पण खाली अक्षरं येतात ती मी वाचली, आणि म्हाताऱ्याकडे बघितलं. त्यांनी काटा बशीत ठेवला. आवाज न करता ठेवला, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. तू असतीस तर ती बातमी त्यांच्या तोंडावर मारली असतीस. मी पण मारणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गेले आणि दार उघडायचं, लावायचं, कान लावायचा. पुन्हा उघडायचं, लावायचं. मी खिडकीतून ओरडले की आत या, निमोनिया झाला तर मी निस्तरणार नाही. आले नाहीत. बर्निस विचारायला आली की व्हर्जिलचं डोकं ठीक आहे ना. मी म्हटलं, ते कधी ठीक होतं?

तुला माहीत आहे, दार ठीक बसलंय की नाही हे ते आवाजावरून सांगायचे. जोडणीच्या पट्ट्यावरची पोरं त्यांना पियानोवाला म्हणायची. एकदा दार लावायचे, मान हलवायचे, गाडी पुढे. खटका दुसऱ्या खात्यातून सीलबंद होऊन यायचा, ह्यांनी तो बसवायचा. आत काय आहे ते बघायची रीतच नव्हती. कानावर भरवसा. एकतीस वर्षं तो कान चुकला नाही.

दुपारी हत्यारं काढली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार गाडीपासून सोडवलं. एकट्याने. उचलून आणलं आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चांगल्या टेबलक्लॉथवर ठेवलं. दाराच्या बाजूला बशी ठेवून जेवले. म्हातारा जेवला नाही. खटका उघडून अंगठ्याने दाबत बसला. दाबला की सुटतो, दाबला की सुटतो. इवलासा तुकडा गं, माझ्या बिस्किटांच्या साच्याएवढा.

मग म्हणाले की आवाज बरोबर होता, ओर्ला. याचाही आवाज बरोबर होता.

आणि मग मला विचारलं की कोडीला धक्का कुठल्या बाजूने बसला होता. ते नाव त्या हॅमच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून आलं. मी म्हटलं, पोरीला विचारा, ती सांगेल, तिने सांगितलंच होतं. परत खटका दाबायला लागले. पण आता त्यांच्या आत काहीतरी हललंय. हे मी आई म्हणून गोड बोलत नाही. चाळीस वर्षं हा माणूस धुऊन वाळत घातलाय, मला कळतं.

नाताळला ये. तुझं वाक्य निघेल असं वाटतं. हा माणूस वाक्य काढतो तेव्हा गंजलेला नट सुटल्यासारखा आवाज होतो, पण निघतं.

लोभ असेल तर उत्तर धाड, नसेल तरी धाड.

आई


नॉक्सव्हिल
१० डिसेंबर

ती. आईस सा. न.

वि. वि. मी पण बातमी बघितली. दवाखान्याच्या भटारखान्यात छोटा टीव्ही आहे, तिथे. हातातलं बटाट्यांचं पातेलं तसंच धरून उभी होते, कोणीतरी काढून घेतलं.

येते. तेवीसला, शुक्रवारी निघते. गाडी रस्त्यावरच लावीन, त्यांना सांग की मला नियम पाठ आहे. फावडं सोबत आणतेय. ते म्हणाले तर नवीन वर्षापर्यंत राहीन. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघेन, आणि मग मला बोलावू नकोस. तू त्यांना शिकवून ठेवू नकोस. त्यांचं त्यांनी म्हणू दे.

मक्याचा पाव करशील ना? लोभ त्यातच घाल.

लोरना


हॉलिस्टर
१८ डिसेंबर

चि. लोरनास आशीर्वाद.

वि. वि. बर्निसने तुला फोन केला तेव्हा तिने तब्येतीचंच सांगितलं असेल. अर्धांगवायू, उजवी बाजू आणि वाचा गेली. जीवाला धोका नाही, आणि तू म्हणालीस की रजा शुक्रवारपासूनच आहे, तेव्हाच निघते. ठीक. चार-पाच दिवसांत ते कुठे पळून जाणार नाहीत. हे पत्र त्याआधी पोचेल. बर्निसला ठाऊक नाही ते सांगते.

मी त्यांना काही शिकवलं नाही. नुसतं म्हटलं की पोरगी येतेय. परवा शुक्रवारी पहाटे मला अंथरुणात सापडले नाहीत. बघते तर म्हातारा सेंटिनेलमध्ये बसलेला, दार नाही, उघड्यावर, अंगात घरातलाच स्वेटर, आणि गाडी मागे घेतोय. घेतली, रस्त्यावर लावली. ती जागा एका टॉलिव्हरने सोडायची ती फक्त दुसऱ्या नव्या टॉलिव्हरसाठी. मग फावडं घेतलं आणि दारातली जागा साफ करायला लागले. काठोकाठ, सिमेंट दिसेपर्यंत, वर मीठ. मी ओरडून विचारलं की हे काय चाललंय. तर माझ्याकडे तोंड करून, मला ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणाले की पोर लांबून येतेय, रस्त्यावर लावली तर बर्फाची गाडी गाडून टाकेल.

मी कॉफी आणायला आत गेले. बाहेर आले तर फावड्यावर पडलेले.

आता नीट ऐक. तुझं वाक्य ते म्हणाले असं मला लिहिता येईल. तुला कधी कळणार नाही, आणि त्यांना आता नाकारता येणार नाही. टेबलावर बसून मी तेच लिहायला घेतलं होतं. पण म्हणाले नाहीत, लोरना. नट सुटत आला होता आणि हात गळाला. डॉक्टर म्हणतात, तू येईपर्यंत घरी सोडतील, पण परत बोलण्याची आशा धरू नका.

तू ये. आणि हट्टाने रस्त्यावर लावू नकोस. पुन्हा बर्फ पडलाय, मी फावडं घेऊन जागा मोकळी ठेवतेय. माझ्या वयावर दया कर आणि दारात लाव.

लोभ वगैरे काय ते तोंडाने बोलू.

आई


हॉलिस्टर
९ जानेवारी १९८९

चि. लोरनास आईचे आशीर्वाद.

वि. वि. पोचल्याचं बर्निसकडून कळलं. रस्त्यावर उभी होती ती सेंटिनेल नगरपालिकेने ओढून नेली. दार अजून माझ्याकडे आहे, तळघरात ठेवलंय, काय करायचं कळत नाही.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी निघालीस, मी अडवलं नाही. जे ठरवून आली होतीस तेच केलंस. रात्रभर त्यांच्या खुर्चीशेजारी बसलीस, विचारलंस, आणि ते नुसते तुझ्याकडे बघत राहिले. डाव्या डोळ्यातून पाणी येतं ते आजाराचं, असं नर्स म्हणाली. मला माहीत नाही. त्या नर्सला इतर गोष्टी तरी कुठे माहीत होत्या.

पण एक तू बघितलं नाहीस, म्हणून लिहितेय. निरोप द्यायला मी त्यांची चाकांची खुर्ची दारात, तुझ्या गाडीपाशी आणली होती, आठवतं? पाव विसरला म्हणून तू आत गेलीस. तुझ्या गाडीचं दार उघडं होतं. त्यांनी डावा हात लांब केला आणि ते लावलं. कान पुढे केला. मान हलवली नाही. परत उघडलं, लावलं. मग मूठ वळली आणि बाजूने धक्का मारला. म्हाताऱ्याच्या अंगात जेवढं शिल्लक होतं तेवढ्याने. खुर्ची मागे सरकली, मी धरली, मला ढकललं, आणि पुन्हा मारला. बोटांची सालं निघाली. नुसत्या आवाजावर आता ते तुला पाठवणार नव्हते. दार उघडलं नाही. तेव्हा हात मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, जाऊ दे तिला, असं.

तू पाव घेऊन आलीस, पाठ फिरवून बसलीस आणि गेलीस. दारावर रक्ताचा डाग असेल तर तो त्यांचा आहे. पुसण्याआधी बघ.

हे वाक्य आहे का ते तू ठरव. मी सहावी शिकलेली.

काल रात्री पुन्हा बर्फ पडला. दारातल्या जागेवर आता कुठलीच गाडी नाही, तरी सकाळी म्हातारा खिडकीशी बसून डाव्या हाताने काचेवर ठोकतो, मी फावडं घेऊन बाहेर जाईपर्यंत थांबत नाही. मी शिव्या घालत साफ करते. सिमेंट दिसलं की ठोकणं थांबतं.

लोभ आहे, तो इथे दारात मोकळा ठेवलाय.

तुझी आई,
ओर्ला