वंदनाला न उघडलेला फोल्डर

मी खाली सही करणारी कोकिळा रामराव जवंजाळ, वय एकसष्ट, धंदा फोटो स्टुडिओ व व्हिडिओ मिक्सिंग, राहणार बाजार रस्ता, अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघाड छातीत आहे. पुढच्या आठवड्यात औरंगाबादला ऑपरेशन आहे. मी कोणाच्याही दडपणाखाली नाही. दडपण आणायला दोघे-तिघे येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवले.

वकिलांनी दिलेल्या नमुन्यात "मला आता कशाचीही आसक्ती उरलेली नाही" असे छापील वाक्य होते. ते मी खोडले, कारण ते खोटे आहे. मला एका गोष्टीची फार आसक्ती आहे आणि तिच्यापायी गेला महिनाभर माझा पाय घरात ठरत नाही. हे लिहितानाही मी मध्येच उठून गॅलरीत जाते, मोताळ्याकडची बस आली का ते पाहते, आणि परत येऊन बसते. ती गोष्ट कलम पाचमध्ये येईल. आधीची कलमे वकिलांच्या समाधानासाठी आहेत.

कलम १. माझे पती रामराव गेल्या वर्षी उन्हाळ्यात वारले. मला दोन अपत्ये. मुलगा शिवम, घराखालच्या एका गाळ्यात कृषी केंद्र चालवतो, बी-बियाणे आणि फवारणीची औषधे विकतो. मुलगी वंदना, नवऱ्याचे घर सोडून आली आणि खालच्याच दुसऱ्या गाळ्यात बापाच्या शेजारी मिक्सिंगला बसली. गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर ती हेही घर सोडून मोताळ्याकडे, धामणगाव बढ्याला, माझी बहीण मनकर्णाबाई हिच्याकडे राहते आणि दुसऱ्याच्या स्टुडिओत राबते. भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. यंदा राखीसुद्धा आली नाही.

कलम २. स्टुडिओचा गाळा वंदनाचा. कृषी केंद्राचा गाळा शिवमचा. वरचे राहते घर दोघांचे, अर्धे-अर्धे, आणि मध्ये भिंत घालायची नाही. पिंपळगाव राजा शिवारातले माझ्या माहेरचे शेत दोघांचे. बँकेत जे असेल ते ऑपरेशनमधून उरले तर दोघांचे. माझे दीर नारायणराव यांनी वंदना परत आली त्या दिवशी सर्वांसमोर म्हटले होते की, लेकीची पेटी दारातच राहू द्या, आत नेली की सवय लागते. ती पेटी मी स्वतः उचलून आत नेली होती. ज्याला मिळकतीतून काही मिळणार असेल त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून मी नारायणरावांना साक्षीदार केले आहे. हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवूनच सही घ्यावी.

कलम ३. यजमानांचा मोठा कॅमेरा व स्टँड वंदनाला. हॅलोजनचे दिवे कोणीही घ्यावेत, त्यांनी अर्ध्या तालुक्यातल्या नवऱ्यामुलींना घाम फोडला आहे. माझी मिक्सिंगची खुर्ची मोडकी असली तरी फेकू नये. माझ्या पाटल्या वंदनाला. शिवमच्या बायकोने मनात काही आणू नये, तिला चपलाहार तिच्या लग्नातच घातला आहे.

कलम ४. माझ्या शेवटच्या विधीचे शूटिंग करू नये. कोणी केलेच तर कॅमेरा हलवू नये आणि मागे गाणे टाकू नये.

कलम ५. काळा डबा. वकिलांना हा डबा म्हणजे काय ते समजावताना माझा घसा कोरडा पडला, म्हणून इथे सोप्या शब्दांत लिहिते. वरच्या मजल्यावर देवघराशेजारी हा डबा आहे. त्यात यजमानांनी केलेले सगळे शूटिंग साठवलेले आहे. लग्ने, बारशी, बाजार, आणि बोंडअळीच्या साली शेतकऱ्यांनी बोलावून करून घेतलेले कापसाच्या वावरांचे शूटिंग. डबा राऊटरला जोडलेला आहे. घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यातले फोल्डर उघडता येतात, म्हणजे शूटिंग वर ठेवायचे आणि मिक्सिंग खाली बसून करायचे. डब्याचा मुख्य पासवर्ड यजमानांनंतर शिवमकडे आला, कारण घरात ती कटकट सांभाळणारा तोच होता.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. यजमान कॅमेरा, कात्री, माईक, सगळे पाटावर मांडत आणि सोबत डबा आणि राऊटरही. गेल्या वर्षी ते नव्हते, सण करायचा नव्हता, पण नारायणराव म्हणाले हत्यारे उपाशी ठेवू नयेत. ते एक त्यांचे बोलणे मला पटले. वंदनानेच वायरी काढल्या, तिनेच हळदकुंकू वाहिले, तिनेच झेंडू ठेवला. शिवमच्या दुकानासाठी नवा कॉम्प्युटर आला होता. पूजा झाल्यावर राऊटर लावला, आणि मुहूर्त म्हणून सगळ्यांत आधी तो नवा कॉम्प्युटर चालू केला. डबा त्यानंतर लावला. मग आम्ही सोने वाटले. कोणाच्या मनात काही नव्हते, हे मी शपथेवर लिहिते.

त्याच आठवड्यात गोजरबाईंची सुनावणी होती. गोजरबाई आमच्या गावच्याच, स्वतःचे वावर स्वतः करणाऱ्या. आदल्या हंगामात त्यांचा बीटी कापूस बोंडअळीने पार खाल्ला होता. बियाण्याच्या कंपनीविरुद्ध त्यांनी अर्ज केला होता आणि पुरावा म्हणून यजमानांनी त्यांच्या वावराचे शूटिंग केले होते. यजमान गेल्यावर त्यांचा तो फोल्डर उघडण्याची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नव्हती. आवाज ऐकावा लागेल म्हणून. वंदनाने गोजरबाईंना शब्द दिला होता की, सुनावणीच्या सकाळी सीडी हातात देते.

त्या सकाळी फोल्डर उघडला नाही. रोज एका टिचकीने उघडणारा डबा पासवर्ड मागू लागला, आणि पासवर्ड दिला तर चूक आहे म्हणू लागला. वंदनाने वायर तपासली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा पुन्हा पासवर्ड घातला. माझा टीव्ही मात्र त्याच डब्यातली लग्ने बिनघोर दाखवत होता. शिवमच्या कॉम्प्युटरवरही डबा उघडत होता. म्हणजे डबा ठीक, वायर ठीक, दार फक्त वंदनालाच बंद. मुख्य पासवर्ड शिवमकडे. आणि गोजरबाईंनी ते बियाणे नेले होते शिवमच्याच दुकानातून. दोन आणि दोन चार करायला तिला वेळ लागला नाही. मलाही लागला नाही, हे लिहायला लाज वाटते.

ती जिना चढून आली आणि त्याला म्हणाली, "दुकान वाचवासाठी बाबाचं काम कुलपात टाकलं काय रे?"

शिवमचा चेहरा उतरला. तो एवढेच म्हणाला, "तुले तसं वाटते तं तसंच समज."

त्याच्या कॉम्प्युटरला हातही न लावता वंदना दुपारच्या बसने गेली. गोजरबाईंचा अर्ज पुराव्याअभावी निकाली निघाला. पुढच्या हंगामात त्यांनी वावरात सोयाबीन टाकले.

कलम ६. खरे काय घडले ते. यंदा दसऱ्याला मी पूजा केली नाही, मन लागले नाही. नंतर एके दिवशी गोजरबाई आल्या आणि म्हणाल्या, अर्ज गेला तर गेला, रामभाऊंनी केलेले माझ्या वावराचे शूटिंग मला एकदा दाखव. टीव्हीवर फक्त लग्नांचा फोल्डर दिसतो. शिवमकडे हा विषय काढायचा नव्हता, म्हणून मी वंदनाच्या कॉम्प्युटरवरची चादर काढली. पुन्हा तेच, पासवर्ड चूक. शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून कय्यूमभाईंना बोलावले. घरातली सगळी वायरिंग त्यांच्या हातची आहे. त्यांनी वायर बदलून पाहिली, राऊटरचे भोक बदलून पाहिले. काही नाही. आम्ही टिचकी मारत राहिलो.

शिवम जेवायला वर गेला आणि जाताना त्याने दुकानातला कॉम्प्युटर बंद केला. मी परत टिचकी मारली तर पासवर्ड मागणेच थांबले. समोर कोणी नाही, असा निरोप आला. डबा तर वर चालू होता, त्याचा दिवा मी पाहून आले होते. मग शिवमचा कॉम्प्युटर बंद झाल्यावर डबा गप्प का व्हावा?

कय्यूमभाई म्हणाले, "भाभी, आपण डब्याचं दार वाजवूनच नाही राह्यलो. हे शिवमच्या मशीनचं दार हाय."

त्याचे असे आहे. राऊटर प्रत्येक यंत्राला एक आकडा देतो, तोच त्या यंत्राचा पत्ता. घरात इन्व्हर्टर असल्याने राऊटर एरवी कधी बंद होत नाही, म्हणून पत्तेही हलत नाहीत. दसऱ्याला तो बंद झाला आणि सगळे विसरला. आधीच्या दसऱ्यांना त्याच्यामागून पहिला डबाच लागायचा, म्हणून त्याची जागा टिकायची. एसटीत रुमाल टाकून चहाला उतरावे आणि परत येईतो जागेवर दुसराच बसलेला असावा, तसे झाले. मुहूर्ताला आधी चालू केलेल्या शिवमच्या कॉम्प्युटरला डब्याचा जुना पत्ता मिळाला, मागून आलेल्या डब्याला नवा. माझा टीव्ही डब्याला नावाने शोधतो, त्याला फरक पडला नाही. शिवमचे यंत्र नवेच जोडलेले, त्यालाही नाही. फक्त वंदनाचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षे लक्षात ठेवलेल्या जुन्या पत्त्यावर जात राहिला. तिथे भावाचे यंत्र बसले होते, ते तिला ओळखत नव्हते, आणि पासवर्ड चूक म्हणून परत पाठवत होते. कोणी कुलूप लावले नव्हते. पासवर्ड कोणी बदललाच नव्हता.

आम्ही आकडा सोडून डब्याचे नाव टाकले. फोल्डर उघडला. आणि यजमानांचा आवाज खोलीत आला, "बोंड वर धर, शिवम."

होय, शिवम. गोजरबाईंच्या वावरात बोंड फोडून कॅमेऱ्यासमोर धरणारा तोच होता. हे मला कोणी सांगितले नव्हते. तो कॅमेऱ्यात पाहून म्हणतो, "हे बियाणं म्या इकलं. माह्याच दुकानातून नेलं गोजरकाकूनं. आत अळी हाय, दिसते ना? पंचनाम्यात माह्यं नाव टाका."

गोजरबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मी वर गेले आणि शिवमला विचारले की, हे तू बहिणीला का नाही सांगितले. तो म्हणाला, "तिनं इचारलं काय मले? डायरेक्ट चोर ठरवलं." मी त्याला जे बोलले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही. तू एक वाक्य बोलला असतास तर बहीण घरात असती आणि गोजरबाईंच्या हातात सीडी असती, एवढे लिहून ठेवते. मग वंदनाला फोन केला, पत्त्याचे सगळे सांगितले. ती म्हणाली, "आई, तू दादाचीच बाजू घेऊन राह्यली. मशीनचं निमित्त सांगू नको मले." फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. मी मेल्यावर कोणीतरी तिला खरे सांगेल आणि तेव्हा तिला रडायलाही कोणाचा खांदा नसेल, या विचाराने माझ्या छातीत दुखते. डॉक्टर त्याला दुसरे नाव देतात.

कलम ७. डब्याची विल्हेवाट. वंदनाचा कॉम्प्युटर मी दुरुस्त केलेला नाही आणि कोणी करू नये. त्यावर जुना पत्ता तसाच आहे. काळा डबा दोघांचा, पण तो पुढीलप्रमाणे ताब्यात घ्यावा. दोघांनी खालच्या गाळ्यात एकत्र बसावे. वंदनाने नेहमीसारखी टिचकी मारावी आणि नकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. मग शिवमने आपला कॉम्प्युटर बंद करावा आणि तिने परत टिचकी मारावी. नकार देणारा कोण होता ते तिला कळेल. मग डब्याचे नाव टाकून बाबांचा फोल्डर उघडावा आणि गोजरबाईंचे वावर शेवटपर्यंत पाहावे, दोघांनी, आवाज बंद न करता. त्यानंतर कय्यूमभाईंकडून डब्याचा पत्ता राऊटरमध्ये कायमचा बांधून घ्यावा. पूजा जरूर करावी, पण वायरी न काढता.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कय्यूमभाईंनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. याची एक प्रत ते उद्या सकाळच्या बसने धामणगाव बढ्याला नेतील आणि वंदनाच्या हातात देतील, मनकर्णाबाईच्या नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, परत वाचले, आणि मला मान्य आहे. बाकीची कलमे माझ्या मरणानंतर लागू होतील. कलम सात आजपासून लागू आहे. वंदना, ऑपरेशनला जाईपर्यंत मी खालीच बसलेली असेन, माझ्या खुर्चीत. तुझा कॉम्प्युटर चालू आहे आणि शटर उघडे आहे.

स्थळ : अमडापूर
दिनांक : २२ नोव्हेंबर २०१९

सही
कोकिळा रामराव जवंजाळ

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष सही केली :

१. नारायणराव जवंजाळ
(कलम दोन ऐकले. मत वेगळे आहे. सही करतो. वंदनाला आणायला कय्यूमभाईंसोबत मीही जातो.)

२. बानोबी शेख कय्यूम