एबेरचं पिवळं विमान

लास्कानो, ६ एप्रिल २०१४

ती. निबिया आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमच्या मठात उपासाचे दिवस चालू असताना घरची रडगाणी घेऊन भेटीच्या खोलीतल्या जाळीशी येऊ नये, हे कळतं मला. पण फोन तुम्हाला चालत नाही, आणि मला दुसरी आत्या नाही. तेव्हा वाचावंच लागेल.

बाबा शरीराने ठणठणीत आहेत. डोकं मात्र पुसट होत चाललंय. मला ओळखतात, पण आई कुठे गेली म्हणून विचारतात. वारली म्हटलं की दर वेळी नव्याने खुर्चीत बसून राहतात. म्हणून आता मी सांगते, बाजारात गेलीय. पाप असेल तर माझ्या नावावर टाक.

यंदा हंगामभर भातावर फवारणीची विमानं घरावरून जात होती. आवाज आला की बाबा, पुन्हा विमानावर कामाला निघाल्यासारखे, टोपी घालून फाटकाशी. एकदा चालत धावपट्टीवर गेले आणि कुणाच्या तरी विमानात चढून पट्टा आवळून बसले. वैमानिक भला निघाला. गोडीने उतरवून घरी आणून सोडलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, पुढच्या वेळी मी जवळ नसलो तर हे उडवतीलसुद्धा.

तेव्हापासून मनात एक घोळतंय. आपल्या गावच्या गुरांच्या डॉक्टरला, मिल्तोनला, छोटी विमानं उडवायचा नाद आहे. फोमची, हातातल्या यंत्रावर चालणारी. मी शाळेत पोरांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवतेच, तर बाबांसाठी एक विमान आखावं असं म्हणते. बाबांना विचारलं कुठलं हवं, तर क्षणात म्हणाले, आमचं पिवळं. दोन मजली पंखांचं.

म्हणजे तेच गं, ज्यात एबेरकाकाचा जीव गेला. बाबा शेताच्या टोकाला फवारणीची रेघ दाखवायला निशाण घेऊन उभे असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत. ते करावं का? तू दोघांचीही बहीण आहेस. तू नको म्हणालीस तर मी पेन्सिल खाली ठेवीन.

आशीर्वादाचा हात भिंतीपलीकडूनही पोचतो, तो असू दे.
तुझी,
रोसिना

*

मॉन्टेव्हिडिओ, ४ मे २०१४

चि. रोसिना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी पुष्कळ वेळ बागेत बसले. शेवटी सिस्टर आमालियाने येऊन विचारलं की वाटाण्यांना पाणी आज घालायचंय की पुढच्या वर्षी.

कर. तुझ्या बाबाने, विल्मारने, एबेर गेल्यावरही पुष्कळ वर्षं विमान चालवलं, पण एबेरचं नाव घरात काढलं नाही. आपण होऊन त्याने पिवळं म्हटलं असेल, तर त्याला नाही म्हणायला मी कोण? खालच्या पंखाच्या टोकाला तांबडा पट्टा होता, तो विसरू नकोस. तो मी रंगवला होता. मठात यायच्या आधीच्या उन्हाळ्यात. एबेर शिडी धरून उभा होता आणि सारखा म्हणत होता की हिच्या हाताने रंगवलेलं विमान सरळ चर्चवरच जाऊन आदळणार. वाकडाच झाला होता पट्टा. तसाच वाकडा काढ.

बाजाराचं पाप मी आमच्या मठप्रमुख मदरना न विचारता माफ केलं आहे.

आणि हे मिल्तोन डॉक्टर कोण? गुरांना औषध देतात एवढंच लिहिलंस. वय, स्वभाव, घरी कोण आहे, काहीच नाही. आम्ही जगाचा त्याग केला आहे, चौकशीचा नाही.

तुमच्यावर जीव आहेच. तो कमी होईल अशी भीती बाळगू नये.
तुझी आत्या,
निबिया

*

लास्कानो, २२ जून २०१४

ती. निबिया आत्यास,
सा. न. वि. वि.

विमान झालं. वाकड्या पट्ट्यासकट.

भिंतीत घालायचे घट्ट फोमचे तक्ते आणले, गरम तारेने कापले. वरचा पंख माझ्या हाताहून थोडा लांब, आणि खालच्यापेक्षा जरा पुढे. मधले खांब म्हणजे मांस भाजायच्या बांबूच्या काड्या, आणि त्यांना ताण द्यायला शिवणाचा दोरा. बाबा शेजारी बसून सुरीने फोम तासायचे. अंगावर पांढरा भुगा, घरभर भुगा, ‘माते’ चहाच्या तुंबडीतसुद्धा भुगा. प्यायलो तसाच.

पहिल्यांदा मोटर न लावता उंच गवतावर नुसतं हाताने फेकून पाहिलं. नाक वर करून थोडा विचार केला आणि शेपटीवर बसलं. शेपूट जड झाली होती. मिल्तोनने मासेमारीच्या पेटीतली शिशाची गोळी काढून नाकात बसवली. मग मोटर लावली, तर सोडताक्षणी डावीकडे लोळण. मोटर किंचित उजवीकडे तिरकी करावी लागली. मग वरच्या आणि खालच्या पंखांचे कोन जुळेनात. प्रत्येक वेळी मी घरी येऊन नवं चित्र काढायची, आणि मिल्तोन म्हणायचा, बाई, तुमचं विमान कागदावर फार सुंदर उडतं. (वय एक्कावन्न, विधुर, स्वभाव असा. झालं समाधान?)

मग या जूनच्या हिवाळ्यातल्या एका थंड, निवांत सकाळी ते उडालं. कापलेल्या भाताच्या खुंटांवरून पिवळं, शांत, उन्हात. मिल्तोनने यंत्र बाबांच्या हातात दिलं आणि स्वतःचं दुसरं यंत्र त्याला तारेने जोडून घेतलं, चुकलं तर सांभाळायला. समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, तिथे बाबांचे पहिले काही दिवस गोंधळाचे गेले. नंतर मिल्तोनने आपलं यंत्र पिशवीत घातलं. आत्या, आईचं नाव ज्यांना कधी कधी आठवत नाही, ते बाबा शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टे मारत होते. खाली यायचं, सरळ जायचं, टोकाला उचलायचं, वळून पुढच्या पट्ट्यावर. शेत फवारल्यासारखं. चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणी, ते विमानातून उतरायचे तेव्हा पाहिलं होतं.

पण उतरवल्यावर ते चालत त्याच्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले, आणि मधल्या खाचेत, माणूस बसतो तिथे, डोकावून पाहिलं. मग उठून मला विचारलं, एबेर कुठेय. म्हटलं, बाबा, हे खेळण्यातलं आहे. तर म्हणाले, ते दिसतंय मला, पण एबेर कुठेय.

आता रोज हेच. उडवताना सुखात, आणि उतरलं की ती रिकामी जागा. परवा तिथेच खुंटांत बसून रडले. काय करू सांग.

मायेची आठवण ठेव.
तुझी,
रोसिना

*

मॉन्टेव्हिडिओ, १३ जुलै २०१४

चि. रोसिना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबतच्या डबीत एक माणूस आहे, जपून उघड. आमच्या वेदीवरच्या जुन्या कापडाचा कोट, मोज्याचं डोकं, चामड्याची टोपी सिस्टर आमालियाच्या फाटक्या चपलेची. आत कापूस भरला आहे, म्हणजे वजनाची तक्रार करू नका. मिशी एबेरला होती तशीच, एका बाजूला जास्त.

विल्मारला खोटं सांग असं मी लिहू शकत नाही. मी फक्त बाहुलं पाठवते आहे. त्याने विचारलं आणि त्याला ते पुरलं, तर पुरू दे. मदरना दाखवलं, त्या पुष्कळ वेळ हातात धरून बसल्या आणि मिशी जरा कापा म्हणाल्या. मी कापली नाही.

शिवताना हाताला सुई बरीच लागली. वय झालं, दुसरं काही नाही.

माझी काळजी नको. तुमची मी करते.
तुझी आत्या,
निबिया

*

लास्कानो, २८ सप्टेंबर २०१४

ती. निबिया आत्यास,
सा. न. वि. वि.

मधल्या पत्रात मी लिहिलं होतं की बाहुलं बसवल्यापासून घरात आनंद आहे. ते खरं होतं. उतरलं की बाबा आत डोकावायचे, मान हलवायचे, झालं. रात्रीच्या जेवणाला एबेरचं ताट मांडायला लावायचे. त्याच्याशी भांडायचेसुद्धा. तुझं पेट्रोल नेहमी संपत येतं, तू विजेच्या तारा बघत नाहीस, आपल्या आईला कोण तोंड देणार. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं ते त्या कापसाच्या माणसाला ऐकवत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मला वाटायचं, बरं झालं केलं ते.

गेल्या रविवारी वारं होतं. मिल्तोन नको म्हणत होता, बाबांनी हट्ट धरला. आणि त्या दिवशी त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. म्हणाले, तू उडव, मी निशाण धरतो. काठीला पांढरं फडकं बांधलं आणि शेताच्या टोकाला जाऊन उभे राहिले. ते फडकं वर गेलेलं दिसलं तेव्हा मला कळलं हे कुठलं निशाण, पण विमान तोवर हवेत होतं.

विमान खाली आणून मी ते पुन्हा वर उचलायला गेले आणि वाऱ्याचा झोत खालून बसला. इतक्यांदा उतरल्याने खालच्या पंखाचा डिंक सैल झाला असणार. उजवे दोन्ही पंख एकदम मिटले. बाबांच्या समोरच, पाण्याच्या बांधावर आदळलं.

ते धावले. या वयात, खुंटांतून. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी अंगावरचा घोंगडीचा पोंचो काढून विमानावर घातला होता आणि टोपी हातात घेऊन बसले होते. मला म्हणाले, बघू नकोस. मिल्तोनला म्हणाले, पोलिस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, बाबा, फोम आहे तो, संध्याकाळपर्यंत चिकटवते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले.

शेवटी बाहुलं बांधाजवळ निलगिरीखाली पुरलं. मिल्तोनने खड्डा खणला आणि तोही टोपी काढून उभा राहिला. हसला नाही. त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी राहीन.

मला वाटलं, सकाळी विसरतील. सगळं विसरतात. हे विसरले नाहीत. जेवत नाहीत, झोपत नाहीत, दारापाशी उभे राहतात आणि म्हणतात, सांगायचं राहिलंय. कुणाला, विचारलं तर नाव सापडत नाही. सगळ्यांना सांगितलंय म्हटलं तर मान हलवतात, नाही म्हणतात. एकदा मेलेला काका मी त्यांच्यासाठी जिवंत केला आणि पुन्हा मारला. हे मी काय केलं, आत्या?

रागावली असशील तरी लिही.
तुझी,
रोसिना

*

मॉन्टेव्हिडिओ, ५ ऑक्टोबर २०१४

चि. रोसिना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू त्याला भावाबरोबर एक हिवाळा दिलास. तो मला कुणी दिला असता, तर शेवट ठाऊक असूनही मी घेतला असता. पुन्हा असलं लिहू नकोस.

त्याला इकडे घेऊन ये. मदरनी परवानगी दिली आहे. जाळीपाशी बसता येईल, हवा तेवढा वेळ. बसमध्ये त्याला खिडकीशी बसव, आणि गरम कपडे घाल, आमची भेटीची खोली थंड असते.

वाट पाहते.
तुझी आत्या,
निबिया

*

लास्कानो, २ नोव्हेंबर २०१४

ती. निबिया आत्यास,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी मठात दाराशी बसणाऱ्या सिस्टरनी मला कॉफीला म्हणून बाहेर नेलं, आणि परत आले तो बाबा टोपी घालून उभेच होते. चल म्हणाले, काम झालं. स्टँडवर मांस भरलेले दोन पाव खाल्ले आणि घरापर्यंत झोपले. तेव्हापासून जेवतात. दाराशी उभे राहत नाहीत. एबेरकाकाचं ताट मागत नाहीत.

मागच्या आठवड्यात पडवीत मोडकं विमान दिसलं, तर विचारलं की हे कुणाचं, आणि असं का टाकलंय. मी चिकटवलं. माणसाच्या जागेवर फोमचं झाकण बसवलं. काल उडवलं, बाबा मिल्तोनच्या खुर्चीत बसून बघत होते. वळण फार मोठं घेतेस म्हणाले, बाकी काही नाही. उतरल्यावर जवळ गेले नाहीत.

मी त्यांना विचारलं, आत्याशी काय बोललात. म्हणाले, कुठल्या आत्याशी. आत्या, तिथे काय झालं ते सांगण्यासारखं असेल तर सांग.

लोभ आहेच, म्हणूनच विचारते.
तुझी,
रोसिना

*

मॉन्टेव्हिडिओ, १६ नोव्हेंबर २०१४

चि. रोसिना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगते. दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

त्याने मला ओळखलं नाही. जाळीपलीकडे कुणीतरी म्हातारी सिस्टर बसली आहे, एवढंच. टोपी काढून फार अदबीने म्हणाला, सिस्टर, एक वाईट निरोप आहे. आमचा एबेर गेला. विमान तारेला लागलं, मी खालीच होतो, निशाण माझ्याच हातात होतं. आमची धाकटी बहीण इथे तुमच्यात आहे, निबिया नाव. तिचा त्याच्यावर फार जीव. तुम्ही तिला सांगाल का? मला तिच्यासमोर बोलता येणार नाही.

मी सांगते म्हटलं.

मग म्हणाला, लगेच नको. तिचं जेवण होऊ द्या, मग सांगा. उपाशीपोटी नको.

रोसिना, एबेर गेला तेव्हा मला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बाहेर जायची सोय नव्हती, त्याची माती मी पाहिली नाही. त्या वेळच्या मदरनी मला दुपारी जेवण झाल्यावर बोलावलं आणि सांगितलं. सकाळीच निरोप आला होता, हे मागून कळलं. मला ठाऊक असून जेवू दिलं, मी हसत डाळीचं सूप पीत होते, आणि त्या बघत होत्या. ते जेवण मला आजवर टोचत होतं. मदर वारल्या, तरी मी त्यांना मनातून पुरती माफी दिली नव्हती. तिचं जेवण होऊ द्या म्हणून त्यांना कुणी विनवलं होतं, हे मला आता कळलं.

त्याने विचारलं, ती रडली तर जवळ कुणी असेल ना? म्हटलं, आहेत, पुष्कळजणी आहेत. तेव्हा त्याला बरं वाटलं. जाळीतून बोटं आत घातली, मी ती धरली. हात अजून तसाच आहे, रुंद आणि खरबरीत.

मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, सिस्टर, तुम्ही का रडता? तुमचं कोण गेलं?

मी म्हटलं, माझाही भाऊच.

तो म्हणाला, मग तुम्हाला कळेल तिला कसं सांगायचं.

त्याला जप. आणि स्वतःलाही.
तुझी आत्या,
निबिया