साडेतीन बोटं

३ ऑक्टोबर
बाळंतपणाला चार महिने झाले, पोट अजून सहाव्यातच! आमच्या होमस्टेला उतरलेल्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, कितवा? लेक आत झोपलेली. तरी मी म्हटलं, "सहावा." वाद कोण घालणार! त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. माझीच.

५ ऑक्टोबर
श्रीवर्धनला फिजिओथेरपीला गेले. विनिता नावाची मुलगी, माझ्याहून लहान. आडवं पाडून डोकं उचलायला लावलं, तर पोटाच्या मधोमध उलट्या होडीसारखा उंचवटा! तिने बेंबीच्या वर बोटं रोवून मोजलं — साडेतीन बोटं फट. स्नायू मधून फाकलेत म्हणे. श्वास सोडत बेंबी आत ओढायची. उठायचं ते कुशीवर वळून. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि जुन्या लुगड्याची पट्टी पोटावर करकचून बांधणं बंद.

पट्टी सासूबाई बांधतात, माझ्या पाठीला गुडघा लावून. मग स्वतःलाही बांधतात, कंबरेसाठी. त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "आमी बाराव्या दिवशी विहिरीवर गेलो. कुनाचं काय फाकलं न्हाय."

९ ऑक्टोबर
पडवीत चटई, शेजारी नारळांचा ढीग. त्यात मीही एक. सुजित माझ्या व्यायामाचे आकडे मोजायला बसला आणि घोरायला लागला. नवरा म्हणून बरा आहे.

१४ ऑक्टोबर
विसरले. सरळ उठले. होडी पुन्हा वर!

२० ऑक्टोबर
तीन बोटं! बारावीच्या निकालाला इतकी नाचले नव्हते. (नाचायलाही बंदी आहे.)

पण दिवाळीला खोल्या भरणार. माझ्या वाटचे हंडे, भाताचं मोठं पातेलं, सगळं सासूबाई उचलतात. त्यांचं वय पासष्ट. मी राणीसारखी उभी राहून मीठ कमी आहे सांगते. खरंच लाज वाटते. लवकर बरं व्हायलाच हवं.

२४ ऑक्टोबर
दुपारी व्यायाम करत होते. सासूबाई आल्या, आजूबाजूला कोणी नाही ना बघितलं, आणि माझ्या शेजारी चटईवर आडव्या झाल्या. कंबरेची पट्टी सोडली.

"माजं पन बग गो. सुजितच्या येळंपासून हाय."

डोकं उचला म्हटलं. बोटं ठेवली. पाचही आत गेली, वर जागा उरली. चौतीस वर्षं! त्या विचारत होत्या, तुझ्यापरीस जास्ती हाय का?

२५ ऑक्टोबर
सकाळी पातेलं सुजितने उचललं. पडवीत दोन चटया.