भिंतीवरचे दोन ब

अण्णा, आज लातूरच्या हॉटेलवाल्याचा पुन्हा फोन आला आणि डोकं फिरलं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही नांदेडात जन्मभर पाट्या रंगवल्या, मी तिथंच कॉम्प्युटरवर अक्षरं तयार करते. पण हल्ली लोकांना कसली अक्षरं हवीत ते ऐकलंत, तर ब्रश फेकून माराल. "मॅडम, अक्षर जाड पाहिजे अन् पोपडे निघाल्यावानी. लई जुनं हॉटेल वाटलं पाहिजे." हॉटेल अजून उघडायचंय. मी दहा वर्षांची असताना एका पाटीवर माझ्याकडून अक्षराची कड फाटली, तेव्हा तुम्ही रस्ता ओलांडून आलात. "कड फाटली की दुकानाची इज्जत गेली. पूस ते." मी रडत रडत रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. आता कडा फाडणं हाच माझा धंदा झालाय.

तेही धड जमेना. ओरखडे काढले, पण अक्षर एकदाच काढायचं आणि कॉम्प्युटर तेच पुन्हा पुन्हा उमटवतो, त्यामुळे एका शब्दात दोन ब आले की दोघांवर तोच ओरखडा, त्याच जागी. खोटेपणा लगेच उघडा पडतो. वर त्याला तीच अक्षरं मेनूकार्डातही हवीत. पाटीवर हातभर उंचीला हे शोभतं, बारीक ओळींत नुसती घाण दिसते, हे चारदा सांगितलं. "चालतंय हो." चालतंय कसलं, कपाळ माझं. शेवटी वैतागून चाकूरला गेले आणि तुम्ही रंगवलेल्या दुकानाच्या भिंतीपुढे उभी राहिले. बी-बियाणे, खते व औषधे. दोन ब, आणि दोघांचं झिजणं वेगळं. एकाचं पोट उन्हानं खाल्लंय, दुसऱ्याचा दांडा तिथं सायकली टेकतात म्हणून घासलाय. मी फोटो काढत सुटले.

दुकानदार बाहेर आले. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "तुमचे वडील दर दिवाळीच्या आधी येऊन रंग भरून जायचे. बोलवायची गरज न्हाई पडली कधी. ते गेले अन् भिंत अशी झाली." ऐन दिवाळीच्या तोंडावर तुम्ही कुठं गायब होता म्हणून आई चिडायची, मीही चिडायचे. सांगायला काय झालं होतं? मी जे विकायला निघालेय, ती तुम्ही न आल्याची वर्षं आहेत. याचा राग कुणावर काढू तेच कळत नाही. "तुम्ही देता का भरून?" त्यांनी विचारलं. तुमचे ब्रश माझ्याकडे आहेत, धुऊन ठेवलेले. पुढच्या आठवड्यात येते, मी म्हणाले.

त्याला पाच महिने झाले. लातूरला जाता-येता मी चाकूरला उतरते, फोटो काढते आणि निघते. दुकानदार आता विचारत नाहीत. त्यांना कामाचं कारण सांगितलंय. हा कागद ब्रशांच्याच डब्यात ठेवणार आहे, तेव्हा तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. औषधेमधला ष अजून पुरता फुटलेला नाही, अण्णा. तो फुटायची मी वाट बघतेय.